हैदराबाद नावाची विमानं

परभणीला विमानतळ नाही. शेजारी नांदेडला आहे, तिकडे संभाजीनगरला आहे. आमच्या जिल्ह्यावरून विमानं जातात ती फार उंचावरून; आवाज कानावर येईपर्यंत पुढे निघून गेलेली असतात. शेतात खुरपणाऱ्या बायाही आता मान वर करत नाहीत. अशा जिल्ह्याचा दोन महायुद्धांतल्या वैमानिकांशी आणि युरोपातल्या त्यांच्या कबरींशी काय संबंध, असं कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी भरलेल्या शेतसाऱ्याचा.

तेव्हा परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला एक जिल्हा. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले आणि तीन वर्षांत महायुद्ध पेटलं. इंग्रजांना त्यांनी पैसा दिला, घोडदळ दिलं आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षात एका अख्ख्या स्क्वाड्रनची विमानं दिली. ११० क्रमांकाची ही स्क्वाड्रन. डी. एच. ९ ए जातीची, दोन माणसांची, दिवसा लांबवर जाऊन बॉम्ब टाकणारी विमानं. हैदराबादच्या निजामांकडून भेट, असं त्यांच्या अंगावर रंगवलेलं होतं. स्क्वाड्रनला नावच पडलं 'हैदराबाद'.

१ सप्टेंबर १९१८ ला ही विमानं फ्रान्समध्ये उतरली. लोरेनमधल्या बेताँकूर नावाच्या खेड्याशेजारचं शेत हाच त्यांचा तळ. जनरल ट्रेंचर्डच्या हाताखाली एक स्वतंत्र हवाई दल उभं केलं होतं. थेट जर्मनीच्या आत शिरून रेल्वे, कारखाने, विमानतळ फोडायचे हे त्याचं काम. सोबतीला लढाऊ विमानं नसत. तेवढ्या लांब जाऊन परत येण्याइतकं पेट्रोल त्यांच्या टाकीत मावत नसे. त्यामुळे बॉम्ब घेऊन निघालेल्यांनी एकमेकांना चिकटून उडायचं आणि मागच्या माणसाच्या मशीनगनवर भरवसा ठेवायचा, एवढाच बचाव. २५ सप्टेंबरला ते फ्रँकफर्टवर गेले. २१ ऑक्टोबरला कोलोनकडे निघाले. आभाळ भरलेलं होतं आणि त्या एकाच दिवशी सात विमानं परतली नाहीत. सात विमानं म्हणजे चौदा माणसं. त्यातली काही जर्मनांच्या हाती जिवंत सापडली, काही नाही. पुढे तीन आठवड्यांत युद्धच संपलं. ही स्क्वाड्रन प्रत्यक्ष लढाईत होती ती जेमतेम दहा आठवडे.

त्यातलं एक विमान आजही पाहता येतं. उत्तर लंडनमध्ये हेंडनला रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. माझी भाची तिकडे असते, तिच्या घरी गेलो होतो तेव्हा तिने तिथे नेलं. एफ १०१० हा त्याचा क्रमांक. ५ ऑक्टोबर १९१८ ला ते जर्मनीत उतरवावं लागलं, दोघेही युद्धकैदी झाले. जर्मनांनी विमान बर्लिनच्या संग्रहालयात नेऊन ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला ते तिथून हलवलं गेलं आणि पोलंडमध्ये जाऊन पडलं. १९७७ मध्ये ते अदलाबदलीत इंग्लंडला परत आलं. मी त्याच्याजवळ बराच वेळ उभा होतो. चौकोनी नाकाडाचं, अवजड, दोन मजली पंखांचं. पुढे बारा सिलिंडरचं अमेरिकन लिबर्टी इंजिन. वैमानिकाची आणि मागच्या माणसाची खाच इतकी जवळ की पुढच्याने हात मागे केला तर मागच्याच्या छातीला लागेल. वर छत नाही, काच नाही म्हणण्याइतकी. पंधरा-सोळा हजार फुटांवरच्या थंडीत ही माणसं चार-चार तास अशी उघड्यावर बसत. आणि बाजूला, हाताच्या अंतरावर, ती अक्षरं: निजामांचं नाव, खाली हैदराबाद.

तिथे उभं असताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. त्या काळातल्या इंग्रजी विमानांवर लिननचं कापड ताणून बसवत आणि त्यावर लेप देत. लिनन म्हणजे जवसाच्या ताटांचा धागा. आमच्याकडे जवस रब्बीत घेतात, निळी फुलं येतात, बियांचं तेल आणि चटणी होते. ताटं चुलीत जातात. युरोपातल्या जवसाची जात उंच, धाग्यासाठी लावलेली. पण झाड तेच. आमच्या पणज्याला कुणी सांगितलं असतं की जवसाच्या धाग्याचे पंख करून माणसं उडतात आणि त्या पंखांचा पैसा तुझ्या साऱ्यातून गेलाय, तर त्याने सांगणाऱ्याला आधी पाणी प्यायला दिलं असतं.

आमच्या घरी जुन्या कागदांचं एक गाठोडं होतं. त्यात फसली १३२७ ची शेतसाऱ्याची पावती आहे. फसली १३२७ म्हणजे १९१७ चा ऑक्टोबर ते १९१८ चा ऑक्टोबर. कागद हातकागदासारखा जाड, कडेला कसरीने खाल्लेला, वर उर्दूची तिरकी ओळ, महिना बहमन, रक्कम हालीत. हाली म्हणजे निजामाचा रुपया. इंग्रजांच्या कलदारापेक्षा हलका. खाली पणज्याच्या अंगठ्याचा ठसा, शाई पसरून त्याचा काळा डाग झालेला. पणज्याला उर्दू येत नव्हतं, मराठीही वाचता येत नव्हती. पटवाऱ्याने जे लिहिलं ते त्याने मान्य केलं. मी ही पावती आमच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडून वाचून घेतली. त्यांनी ती भिंगाखाली धरली आणि सर्वे नंबर वाचताच म्हणाले, "अहो, हे तर तुमचं ओढ्याकाठचं रान."

ते वर्ष कसं होतं हे आजीकडून ऐकलंय. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला. मृगात थोडा पडला, मग आभाळ कोरडं. ज्वारी हातभर होऊन वाळली. त्यातच मानमोडीची साथ आली. आता तिला इन्फ्लुएंझा म्हणतात. आमच्याकडे कुणी तसं म्हणत नसे. आजी तेव्हा लहान पोर. ती सांगायची, "एकाला जाळून येस्तोवर घरात दुसरा गेल्याला ऱ्हायचा. लाकडं सरली, मग वढ्याकाठी नुसतेच पुरू लागले." पणजा त्याच साथीत गेला. १९२१ च्या शिरगणतीत संपूर्ण हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. दहा वर्षांत माणसं वाढायची सोडून लाखांनी घटली.

म्हणजे हैदराबाद नाव लिहिलेली विमानं फ्रँकफर्टवर आणि कोलोनकडे निघाली होती, त्याच आठवड्यांत हैदराबादची रयत ओढ्याकाठी पुरली जात होती. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडणं बरोबर नाही. विमानं दिली नसती तर पाऊस पडला असता असं नाही. पण शेतसारा तोच, खजिना तोच. पैसा दिवाणी खजिन्यातून गेला की निजामांच्या खासगी सर्फ-ए-खासमधून, हा हिशेब करणाऱ्यांनी करावा. दोन्हींच्या तळाशी ज्वारी आणि कापूस पिकवणारा माणूसच होता.

जर्मनीत पडलेल्या त्या वैमानिकांचं पुढे काय झालं? त्यांना सुरुवातीला जिथल्या तिथे, गावोगावच्या कब्रस्तानात पुरलं होतं. १९२२-२३ मध्ये असं ठरलं की जर्मनीभर विखुरलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांना चार मोठ्या दफनभूमींत एकत्र आणायचं. कासेलजवळचं नीडरत्स्वेरेन, कोलोन, हॅम्बुर्ग आणि बर्लिन. एकट्या नीडरत्स्वेरेनमध्ये पहिल्या महायुद्धातले १,७९६ जण आहेत. कैदेत मेलेले, जखमांनी मेलेले, विमानातून पडलेले. फ्रान्सच्या बाजूला बेताँकूरजवळ एसेन्ये या गावात आणखी एक दफनभूमी आहे, स्वतंत्र हवाई दलाची माणसं तिथेही आहेत.

या दफनभूमी सांभाळणाऱ्या आयोगाची सनद १९१७ ची. फेबियन वेअर नावाच्या माणसाने हट्टाने तो उभा केला. त्याचे दोन नियम मला थोर वाटतात. एक, कुणाचंही शव मायदेशी नेलं जाणार नाही, श्रीमंताचंही नाही. दुसरा, सेनापती असो की शिपाई, दगड सारखाच: उंची दोन फूट आठ इंच, रुंदी एक फूट तीन इंच. त्यावर पलटणीचं चिन्ह, नाव, हुद्दा, तारीख, आणि घरच्यांना वाटलं तर तळाशी एक ओळ, सहासष्ट अक्षरांत बसणारी. इंग्लंडमध्ये यावर केवढं वादळ उठलं होतं. आया म्हणत होत्या, आमचा मुलगा आम्हाला परत द्या. त्यांचं दुःख खरं होतं. तरीही मला वाटतं वेअरचं चुकलं नाही. नाहीतर मोठ्यांच्या पोरांना संगमरवर मिळाला असता आणि गिरणीकामगाराच्या पोराला लाकडी क्रॉस, तोही दहा वर्षांत कुजणारा.

दुसऱ्या महायुद्धात निजामांनी पुन्हा हात सैल सोडला. या वेळी दोन लढाऊ स्क्वाड्रनना हैदराबादचं नाव मिळालं. १५२ क्रमांकाची स्पिटफायर विमानांची आणि २५३ क्रमांकाची हरिकेनची. १५२ च्या चिन्हावर चक्क निजामांचा शिरपेच आहे आणि खाली ब्रीद आहे 'विश्वासू मित्र'. हा किताब ब्रिटिश सरकारने निजामांना १९१८ मध्येच दिला होता. १९४० च्या उन्हाळ्यात ही स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमध्ये वॉर्मवेल इथे होती. समोर समुद्र, पलीकडे जर्मनांच्या हाती गेलेला फ्रान्स.

१२ ऑगस्ट १९४० ला या हैदराबाद स्क्वाड्रनचा डग्लस शेपली नावाचा वैमानिक समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. त्याला कबर नाही. टेम्स नदीकाठी रनीमीड इथे अशा वीस हजारांवर वैमानिकांची नावं भिंतींवर कोरली आहेत, त्यात त्याचं आहे. युद्धाच्या पहिल्या वर्षभरात त्या घरातली तीन भावंडं गेली. मग त्याच्या आईने वर्गणी गोळा केली. एका स्पिटफायरची ठरवलेली किंमत पाच हजार पौंड होती. तेवढे जमले, त्याहून जास्तच जमले. त्या पैशाच्या स्पिटफायरवर 'शेपली' हे नाव रंगवलं गेलं. १९४२ च्या मार्चमध्ये ते विमानही त्याच्या वैमानिकासह समुद्रात गेलं.

ही आई मला फार जवळची वाटते. तिने दारोदार जाऊन पैसे मागितले, लोकांनी जाणून-बुजून दिले. देणाऱ्याला माहीत होतं आपण कुणाच्या नावाने देतोय. तिच्या मुलाच्या विमानामागेही वर्गणीच होती, फक्त ती देणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. जिंतूरच्या, पाथरीच्या, गंगाखेडच्या माणसाला सांगितलंच नाही की बाबा रे, तुझ्या नांगराचा एक फाळ समुद्रावर उडतोय. आणि शेपलीलाही ठाऊक नव्हतं. शिरपेचाचं ते चिन्ह ज्या गावांच्या घामावर उभं होतं, त्यांची नावं त्याने आयुष्यात ऐकली नसणार. देणारा आणि मरणारा, दोघेही एकमेकांना अनोळखी राहिले. ओळख झाली ती मधल्या राजाची.

तो राजा आमच्या जिल्ह्याला प्रिय नव्हता, हे लपवण्याचं कारण नाही. ज्याला इंग्रज विश्वासू मित्र म्हणत होते, त्याच्याविरुद्ध १९३८ मध्ये सत्याग्रह झाला, विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्यासाठी कॉलेजं सोडली, स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे गावंच्या गावं गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. आजही त्या दिवशी आमच्याकडे झेंडावंदन होतं. इंग्लंडमध्ये त्याच्या दोन दिवस आधी, १५ सप्टेंबरला, १९४० मध्ये जर्मन विमानांशी झालेल्या हवाई लढाईचा स्मृतिदिन असतो. माझ्या मनात हे दोन्ही दिवस आता शेजारी शेजारी आहेत आणि मला त्यात विसंगती वाटत नाही. निजामाची सत्ता जाणं योग्यच होतं, आणि वॉर्मवेलच्या पोरांनी हिटलरला समुद्रापलीकडे रोखलं हेही बरं झालं. आमचा पैसा आम्हाला न विचारता गेला. पण तो एकदा तरी चांगल्या माणसांच्या हाती गेला.

मराठी मातीतला एक वैमानिकही तिकडे आहे. श्रीकृष्ण वेलिंगकर, मुंबईचा, शिकायला केंब्रिजला गेलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले भारतीय वैमानिक चार म्हणून सांगितले जातात: हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि हा. काळ्या माणसाला अधिकारी करायला तेव्हा सैन्य नाखूश होतं; मलिकला तर ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाचा शब्द खर्ची पडल्यावर दार उघडलं. वेलिंगकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन जातीचं एकट्याचं विमान उडवायचा. २७ जून १९१८ ला गस्तीवर गेला आणि बेपत्ता झाला. जखमी अवस्थेत तो जर्मनांना सापडला होता. तीन दिवसांनी, ३० जूनला, गेला. जर्मनांनी त्याला पुरलं आणि क्रॉसवर नाव असं वेडंवाकडं लिहिलं की युद्ध संपल्यावरही बराच काळ घरच्यांना त्याचा पत्ता लागेना. आता तो सोम नदीच्या खोऱ्यात हाँगार या खेड्यातल्या दफनभूमीत आहे. दगडावर इंग्रजी ओळ आहे, साम्राज्याच्या शूर पुत्रांपैकी एक असा त्याचा गौरव करणारी. इंद्रलाल रॉय जुलैत पडला, तेरा दिवसांत दहा विमानं पाडून. त्याच्या दगडावर बंगालीत लिहिलंय. वीराची ही समाधी आहे, आदर ठेवा, हात लावू नका, अशा अर्थाचं. बंगालीतली ती अक्षरं फ्रान्सच्या पावसात शंभर वर्षं भिजतायत याचं मला कौतुक वाटतं आणि वेलिंगकरच्या दगडावर चार अक्षरं मराठीत असायला हवी होती असंही वाटत राहतं. ज्या कुळात जाळायची रीत, त्या कुळातला पोरगा मातीत निजलाय. त्याच्या उशाशी त्याची भाषा तरी.

उलट बाजूही आपल्याकडे आहे. पुण्यात खडकीला, होळकर पुलाजवळ, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती तिथून त्या उचलून इथे आणल्या. मी एका मे महिन्यात गेलो होतो. बाहेर रस्ता तापलेला, आत हिरवळ. एक माळीमामा रबरी पाइप घेऊन ओळीओळीने पाणी देत होते. प्रत्येक दगडापाशी पाइप क्षणभर थांबवत, दगडावरची धूळ धुऊन घेत, मग पुढे. हवाई दलाचा पक्षी कोरलेल्या एका दगडापाशी मी वाकून वय वाचलं. वीसच्या आसपासचं. मामांना विचारलं, घरचं कुणी येतं का? ते म्हणाले, "येत्यात की, लई म्हातारी येत्यात. पायातली चप्पल काढत्यात आन् रडत्यात. मग मी पाणी बंद करतो." फ्रान्समध्ये हाँगारला कुणीतरी फ्रेंच माळी असाच वेलिंगकरच्या दगडाभोवतीचं गवत कापत असणार. आमच्याकडे ओढ्याकाठी जिथे पणजा आहे तिथे दगडही नाही. एक बोरी आहे. ती आम्ही तोडू देत नाही.

१५२ स्क्वाड्रनमधला एरिक मार्स हा मला सर्वांत जास्त आठवतो. दिसायला इतका कोवळा की सोबतचे त्याला 'बॉय' म्हणत. वॉर्मवेलहून तो वडिलांना पत्रं लिहायचा. आज काय पाहिलं, कसं वाचलो, इंजिन कसं बंद पडलं. फुशारकी नाही, रडगाणं नाही. ती पत्रं नंतर छापून आली. २४ जुलै १९४१ ला फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरावर बॉम्ब टाकायला निघालेल्या विमानांना सोबत करताना तो पडला. वय वर्षं वीस. त्याला ब्रेस्टच्या केरफोत्रा दफनभूमीत पुरलंय.

आमच्या जिल्ह्यातली मुलं आता शिकायला, नोकरीला युरोपात जातात. परभणीच्या कृषी विद्यापीठातली जातात, गंगाखेड-सेलूची जातात. त्यातलं कुणी ब्रिटनीत ब्रेस्टला गेलं तर केरफोत्राला जाऊन यावं. कुणी आमियाँजवळून गेलं तर हाँगारला उतरावं. दफनभूमीच्या दाराशी बहुधा भिंतीत एक छोटी पेटी असते, तिच्यात नावांची यादी आणि अभिप्रायाची वही असते. मार्सचं किंवा वेलिंगकरचं नाव सापडलं की वहीत आपलं नाव लिहावं, तारीख घालावी आणि गावाच्या रकान्यात स्पष्ट अक्षरांत लिहावं: जिल्हा परभणी.